मांजरांची माती

मांजरं सांभाळायचे पैसे लोक देतात ते खाण्यापिण्याचे आणि मायेचे म्हणून. प्रत्यक्षात निम्मं काम मातीचं असतं. माती आणायची, ट्रेमध्ये पसरायची, सकाळ-संध्याकाळ चाळायची, खराब झालेली उचलायची आणि मग ती कुठंतरी नेऊन टाकायची. पहिल्या चार कामांच्या सूचना या मातीच्या, म्हणजे लिटरच्या, पिशवीवर चित्रांसकट असतात. पाचव्याबद्दल बहुतेक पिशव्या 'बायोडिग्रेडेबल' एवढं म्हणून मोकळ्या होतात, आणि तेही जाड प्लॅस्टिकवर छापलेलं असतं.

आमचं गाव जांबे, हिंजवडीपासून जवळचं. मारुंजी, नेरे, पुनावळे, कासारसाई ही आजूबाजूची नावं. सासऱ्यांच्या काळात इथं भातखाचरं आणि ऊस होता. आता खाचरांच्या जागी मनोरे आहेत आणि मनोऱ्यांत आयटीतली जोडपी. तालुका मुळशी, विकास आराखड्याला पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), रोजच्या कामाला ग्रामपंचायत. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे यांच्याबरोबर जांबेही पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाणार, ही चर्चा कितीतरी वर्षं चालू आहे. हे सगळं मांजराच्या संदर्भात सांगण्याचं कारण एवढंच, की कचरा कोणाच्या गाडीत जातो हे अशा गावात गल्लीगणिक बदलतं.

दिवाळी आली की ही जोडपी नागपूरला, कोलकात्याला, कोचीला घरी जातात आणि त्यांची मांजरं आमच्या जुन्या घरात राहायला येतात. दोन खोल्या आणि जाळी लावलेली पडवी, एवढंच आमचं वसतिगृह. धंदा सुरू केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मांजराला विकतची माती? अगं, अंगणभर पडलीय की!" त्यांच्या हिशेबानं त्या बरोबर होत्या. गावातलं मांजर चुलीच्या राखेच्या ढिगात नाहीतर नुकत्याच खणलेल्या वाफ्यात जाऊन उकरतं, कार्यभाग उरकतं, पुरतं आणि निघून जातं. पण चौदाव्या मजल्यावर वाढलेल्या बोक्याला माती माहीतच नसते. आमच्या अंगणातली ढेकळं हुंगून तो माझ्याकडं असा बघतो, की हॉटेलची खोली पसंत न पडल्यावर माणसं मॅनेजरकडं बघतात तसं वाटतं.

विकतच्या मातीचा इतिहास फार जुना नाही. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या माणसाकडं शेजारीण वाळू मागायला आली. थंडीनं वाळू गोठलेली, राख वापरली तर मांजराचे काळे पंजे घरभर उमटलेले. लो कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घ्यायला लागणारी दाणेदार माती विकायचा, तीच त्यानं तिला दिली. आपल्याकडं चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती त्याच कुळातली. पुढं 1984 मध्ये टॉमस नेल्सन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यातून बेंटोनाइट वापरायची कल्पना निघाली. या मातीला पाणी लागलं की ती फुगते आणि घट्ट गोळा होतो. तेव्हापासून सगळा ट्रे ओतून द्यायची गरज उरली नाही, गोळे तेवढे काढायचे. मांजर घराच्या आत कायमचं राहायला लागलं त्यात या गोळ्याचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

बेंटोनाइट आपल्याला परकं नाही. कच्छमध्ये त्याच्या खाणी आहेत आणि तिथून लिटर परदेशातही जातं. ओतकामाच्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूला हीच माती धरून ठेवते. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही तिची ओळख असते. पुलाच्या पायलिंगमध्ये खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून हिचाच पातळ गाळ भरतात. म्हणजे पिशवीवर गुलाबी पंजा छापून जी माती ऑनलाइन येते ती मुळात कारखान्याची माती.

मांजरांना मात्र ती आवडते, यात वाद नाही. घरातल्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. बारीक, वाळूसारखे, वास नसलेले दाणे मांजराच्या पंजाला घरचे वाटतात. लव्हेंडरच्या वासाचं लिटर माणसाच्या नाकासाठी असतं. नव्या जागेत बावरलेलं मांजर त्यात पाय घालत नाही आणि मग गादीवर बसतं. दुसरा फायदा मला धंद्यात कळला. गोळे मोजता येतात. मांजराला किती वेळा लघवी झाली, किती मोठी झाली, हे ट्रेवरून वाचता येतं. मारुंजीहून आलेला एक गुबगुबीत बोका सकाळपासून ट्रेमध्ये जात होता, बसत होता, उठत होता, आणि दुपारपर्यंत ट्रेमध्ये एकही गोळा नव्हता. बोक्याचा मूत्रमार्ग बंद झाला तर ते दुखणं उद्यावर टाकायचं नसतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तासाभरात त्याला डॉक्टरांच्या टेबलावर नेलं आणि त्यांनी नळी घालून मोकळं केलं. लघवीनं फुटणाऱ्या लाकडी गोळ्यांच्या ट्रेमध्ये हे इतक्या लवकर कळलं नसतं. म्हणून पर्यावरणाच्या सगळ्या गप्पा मान्य करूनही मूतखड्याचा इतिहास असलेल्या मांजराला मी आजही बिनवासाचं बेंटोनाइटच देते.

धुळीचं काय, हे विचारणारं गिऱ्हाईक कमी. पिशवी उलटी केली की जो पांढरा लोट उठतो त्यात स्फटिकी सिलिका असू शकते. श्वासातून फुप्फुसात पोचणारी अशी धूळ कामाच्या ठिकाणी कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 सालीच नोंदवलं आहे. ते अशा धुळीत काम करणाऱ्यांबद्दल आहे, एका मांजराच्या घराबद्दल नाही. पण मी रोज रांगेनं ट्रे भरते, त्यामुळं मी मधे कुठंतरी येते. मास्क लावून, पडवीच्या उघड्या बाजूला, पिशवीचं तोंड ट्रेला टेकवून हळूहळू ओतायचं. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना आणि दमेकरी मांजरांना त्या वेळी आतल्या खोलीत ठेवायचं. पिल्लांना तर गोळा होणारी माती द्यायचीच नाही, कारण पिल्लं सगळं तोंडात घालून बघतात. बेंटोनाइट खाऊन एका मांजराचं रक्तातलं पोटॅशियम घसरल्याची नोंद पशुवैद्यकीय साहित्यात 1996 सालची आहे. पिल्लांना आणि नुकतीच नसबंदी झालेल्या मांजरांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या बऱ्या. टाक्यांत काही अडकत नाही, आणि आदल्या दिवशीचे अग्रलेखही मार्गी लागतात.

आता फुकटच्या वस्तू. गावात राहून विकत घेणं सासूबाईंना पटेना आणि खरं तर मलाही. पहिलं नाव निघालं भाताच्या तुसाचं. मुळशी-मावळात भातगिरणीच्या मागं तुसाचा डोंगर असतोच. हलकं, स्वच्छ, मांजराला उकरायलाही सोपं. पण तूस पाणी पीत नाही. त्याच्या सालीतच सिलिका आणि मेणचट थर असतो. लघवी त्यातून खाली उतरते आणि ट्रेच्या तळाशी तळं साचतं. शिवाय पंख्याच्या वाऱ्यानं तूस उडून ताटापर्यंत पोचतं. तूस बाद.

मग उसाचं चिपाड. कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम साखर कारखाना आहे, गळीत हंगामात बगॅसला तोटा नाही. वाळलेलं, बारीक केलेलं बगॅस लघवी छान शोषतं. पण ते साठवून ठेवलं आणि त्याला ओल लागली की बुरशी येते, आणि त्या बुरशीच्या धुळीनं साखर कारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बगॅसोसिस असं स्वतंत्र नावच आहे. आमच्याकडं आषाढात उशीसुद्धा दमट होते, तिथं बगॅसची गोणी कोरडी कशी राहायची?

भुशाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक इथंच फसतात. जांब्यात कुठल्याही नव्या इमारतीत पाहा, फर्निचरचं काम चालू असतं आणि सुतार भुसा गोणीनं देतात, वर आभार मानतात. तो भुसा लाकडाचा कमी आणि प्लायवूड-एमडीएफचा जास्त असतो. त्यात फॉर्माल्डिहाइडचा राळेसारखा डिंक असतो, सनमायक्याची पूड असते, कधी वाळवीचं औषध असतं. मांजर त्यात पंजे घालतं आणि नंतर ते पंजे चाटतं. मांजराला बाहेरून जे लागतं ते थोड्या वेळानं पोटात असतं, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मे निर्णय आपोआप होतात. वखारीतला सागवानी भुसा प्लायपेक्षा बरा, पण तो इतका बारीक की मांजरं शिंकतात आणि आपणही.

शेवटी मी वळले ते पाइनच्या दाबलेल्या गोळ्यांकडं. कच्च्या पाइनमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, आणि मांजराच्या यकृताला ती पचवून बाहेर टाकायचं साधन जवळपास नाही. उष्णता देऊन वाळवलेल्या लाकडात ती बरीच उडून गेलेली असतात. इथं आमच्या पट्ट्याचा एक फायदा आहे. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत यंत्रं आणि सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून येतात. परदेशातून आलेल्या अशा खोक्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो आणि शेजारी अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. खोकी फोडून त्याच्या गोळ्या पाडणारे लोक आहेत. त्यांच्याशी बोलताना मी आधी शिक्क्याचं विचारते. एमबी असेल तर बोलणं तिथंच थांबतं.

पाइनच्या गोळ्या लघवीनं फुटून त्यांचा भुसा होतो. खाली भोकं असलेला ट्रे हलवला की भुसा खालच्या ट्रेमध्ये पडतो आणि सुक्या गोळ्या वर राहतात. वजनाला हलकं, धूळ कमी, वासाला बरं. सगळ्याच मांजरांना ते चालत नाही. जाड गोळ्यांवर चालायला काहींना काट्यांवरून गेल्यासारखं होत असावं. म्हणून बुकिंग घेतानाच सांगते, घरचं लिटर दोन वाट्या आणा, वरून पसरते. आणि मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. दोन भावंडं असली तरी तीन. यात काटकसर केली की मांजर आपला निषेध सोफ्यावर नोंदवतं.

सोयाचं लिटर हल्ली फार चालतं. टोफू किंवा सोया दूध काढल्यावर उरणारा चोथा, मक्याचा स्टार्च आणि गोळा बांधायला गवारगम. हा गम आपल्या भाजीतल्या गवारीच्याच बियांचा, बहुतेक राजस्थानातला. धूळ नाही, पिल्लानं चाटलं तरी घाबरायचं कारण कमी. मार्चमध्ये मी त्याची भक्त होते. जुलैत उघड्या पिशवीत धान्याला लागतात तसे किडे झाले, ट्रेच्या कडेला हिरवट बुरशी आणि मुंग्यांची रांग. मुळशीच्या पावसाळ्यात खाण्याजोगी कुठलीही वस्तू ट्रेमध्ये ठेवणं म्हणजे पाहुणे बोलावणं. उन्हाळ्यात वापरते, हवाबंद डब्यात ठेवून. सिलिका जेलच्या पांढऱ्या खड्यांबद्दल एवढंच, की ते वास चांगला धरतात आणि कुजत कधीच नाहीत.

आणि मग ते पाचवं काम.

घंटागाडीवर येणाऱ्या ताईंनी एकदा माझी पिशवी उचलून विचारलं, "काकू, दगड भरलेत का?" ओलं बेंटोनाइट वजनाला तसंच असतं. त्यांनी ती पिशवी ओल्यात टाकायची की सुक्यात, असंही विचारलं. मी तेव्हा लागू असलेले 2016 चे घनकचरा नियम मिळवून वाचले. त्यात मांजराचं नाव नव्हतं. डायपर, सॅनिटरी पॅड आणि तत्सम कचरा वेगळा गुंडाळून द्यावा, असं होतं. 'तत्सम'मध्ये मांजराची शी बसवायला हरकत नाही, असं मी आणि त्या ताईंनी मिळून ठरवलं. तेव्हापासून शी कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळी जाते. ताई गाडीवर कचरा हातानं चाळतात. पिशवीत काय आहे हे त्यांना उघडायच्या आधी कळलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे.

ओल्या कचऱ्यात ती का नको, हे सोसायटीवाल्यांना समजावणं जास्त अवघड. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो. त्यांच्याकडं कंपोस्टची यंत्रं असतात. लिटर सोयाचं आहे, मग घाला यंत्रात, असा त्यांचा सरळ हिशेब. पण मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी येऊ शकतात. ओलसर मातीत ती अंडी वर्षभर टिकतात, ब्लीचनं मरत नाहीत. उष्णतेनं मरतात, पण खतात साठ अंशांच्या आसपासची आच सगळीकडं पोचायला हवी. आवारातल्या यंत्रातून अर्धवट निघालेलं खत गच्चीवरच्या मेथीला जातं. तिथं मी नाहीच म्हणते.

कमोडमध्ये टाकून मोकळं व्हायचा सल्लाही नेहमीचा. बेंटोनाइट पाइपमध्ये जाऊन काय करतं हे पायलिंगवाल्यांना विचारा. सोया विरघळेल, पण अंडी पाण्याबरोबर पुढं जातील, आणि आमच्याकडचं पुढं म्हणजे पवना. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं या परजीवीनं मरताना आढळली, आणि 2006 साली त्या राज्यानं लिटरच्या पिशव्यांवर 'शी गटारात सोडू नका' अशा अर्थाची सूचना सक्तीची केली. हे सांगितलं की गिऱ्हाईक चमकतं. पाणमांजर आणि आपलं मांजर असं नातं कुणाच्या मनात आलेलं नसतं.

याच परजीवीमुळं गरोदर मुलींना घरचे सांगतात, मांजर देऊन टाक. माझ्याकडं अशी मांजरं 'तात्पुरती' म्हणून येतात आणि बाळाच्या बारशापर्यंत राहतात. मी त्या मुलींना आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावते, आणि मग मला माहीत आहे ते सांगते. मांजर ही अंडी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतरचे दोन-तीन आठवडे टाकतं. ताजी शी लगेच बाधत नाही. अंडी पिकायला निदान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ करणं हे कुठल्याही महागड्या लिटरपेक्षा मोठं औषध आहे. ते काम नऊ महिने नवऱ्यानं करावं, हेही मी सांगते, आणि नवरा समोर असताना सांगते. भाजी नीट न धुणं आणि मांस कच्चं राहणं यातून होणारी लागण घरातच राहून पिशवीबंद खाणं खाणाऱ्या मांजरापेक्षा जास्त काळजीची.

ट्रे धुवायला फिनेल नाही. आपल्याकडं स्वच्छ म्हणजे फिनेलचा वास, पण काळ्या फिनेलमधली द्रव्यं त्याच फिनॉलच्या कुळातली, मांजराला विषारी. ब्लीचही लघवीवर ओतायचं नाही. अमोनियाशी मिळून त्याचा घशाला लागणारा वायू होतो. कढत पाणी, साधा साबण, ऊन. श्रावणात ऊन नसतं तेव्हा चुलीशेजारी.

राहिला पाइनचा ओला भुसा, शी काढून घेतलेला. तो कुठं जावा, याचं उत्तर सासूबाईंनी दिलं. "राबात घाल." आमच्याकडं पावसाआधी भाताच्या रोपांची जागा शेण, पालापाचोळा, टहाळं पसरून भाजतात. तणाचं बी मरतं, राख खत होते. मी भुसा पडवीच्या कोपऱ्यात सुकवून वैशाखापर्यंत साठवला आणि दिराच्या उरलेल्या खाचरात त्याचा थर दिला. आगीत जंतू उरत नाहीत, पण जळताना नत्र धुरावाटे निघून जातं आणि धूर मनोऱ्यांतल्या बाल्कन्यांत जातो. दोन्ही गोष्टी मला दिसतात. पर्याय म्हणून विहिरीपासून लांब, करंजांच्या रांगेखाली एक खोल चर खणलाय. भाजीचा वाफा तिथं कधी होणार नाही. सध्या बराचसा भुसा तिकडं जातो.

बेंटोनाइट मात्र जिथं टाकावं तिथं पडून राहतं. सोया कचरा डेपोत कुजून मिथेन सोडतं. माती निदान काही सोडत नाही, पण ती कच्छच्या जमिनीतून उकरून, ट्रकनं इथवर आणून, एकदा भिजवून परत जमिनीत टाकलेली असते. "काकू, सगळ्यात चांगलं कुठलं?" असं कुणी फोनवर विचारलं, की मी उलट विचारते: मांजराचं वय किती, घरात दमा कुणाला, आणि तुमचा कचरा कोण उचलतं? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण थोडं थांबतात.

मध्यंतरी एका ओळखीच्यांनी शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्या आणून दिल्या, बॉयलरमध्ये जाळतात त्या. पाइनपेक्षा बऱ्याच स्वस्त. फोडून पाहिल्या तर शेंगांची टरफलं दिसली. शेंगांच्या टरफलांत बुरशीचं विष असू शकतं, आणि बाकी काय मिसळलंय ते आणणाऱ्यालाही सांगता येईना. काय भरलंय हे बनवणाऱ्यानं लिहून दिलं तर ट्रेमध्ये घालून बघेन. तोवर ती गोणी बंबाशेजारी आहे, आणि मांजरांच्या ट्रेसाठी कढत पाणी तिच्यावरच तापतं.